वाचक विचारतात : न्यूजलेटर काढतोय, एआयला कितपत विचारू?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्यातलं कोण कोण ईमेलवर न्यूजलेटर काढतं आणि त्यात एआय वापरता का. पत्रं भरपूर आली, सोलापूर जिल्ह्यातनं तर इतकी की हा अख्खा अंक त्यांनाच द्यावा लागला. मी स्वतः सोलापुरातनं दर रविवारी एक छोटं न्यूजलेटर पाठवते, चौथं वर्ष चालू आहे, त्यामुळं यातले बरेच प्रश्न माझ्याही टेबलावरचे आहेत. नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूरला राहते. माजी विद्यार्थ्यांना दर महिन्याला शहराच्या इतिहासावर एक ईमेल पाठवते, १८० जण आहेत. जानेवारीत सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी अमलावर, लिहायचं होतं, नातवानं मोबाईलवर एआयला विचारून लेख काढून दिला. भाषा इतकी छान की तसाच पाठवणार होते, पण त्यात चार हुतात्म्यांच्या जोडीला पाचवं एक नाव होतं आणि फाशी सोलापूरच्या जेलमध्ये दिली असं लिहिलेलं. इतकं ठामपणे खोटं कसं लिहितं हे?

उत्तर : बाई, तुम्ही थांबलात याचं मला फार बरं वाटलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा, चौघंच, आणि फाशी येरवड्याला, १२ जानेवारी १९३१. आपल्याकडं चौकातल्या पुतळ्यांमुळं लहान पोरालाही आकडा चारच माहीत असतो, तिथं हे पाच सांगतंय.

होतं काय की हे यंत्र कुठली वही उघडून बघत नाही. प्रचंड मजकूर वाचून ते एकच गोष्ट शिकलेलं असतं, इतके शब्द झाले की पुढं कुठला शब्द येईल. ज्यावर भरपूर लिहिलंय तिथं अंदाज बरोबर बसतो, म्हणजे गांधीजींना मे १९३० मध्ये अटक झाली हे ते नीट सांगेल, पण त्यानंतर सोलापुरात गिरणी कामगार रस्त्यावर आले, सरकारचा कारभार काही दिवस कोलमडला आणि मग मार्शल लॉ लागला, यावर मराठीत नेटवर आहे किती? थोडंच. मग जिथं माहिती विरळ तिथं ते शोभेल असं काहीतरी भरतं, नाव शोभतं म्हणून नाव, जेल शोभतं म्हणून जेल. आणि माणूस कसा आठवत नसलं की अडखळतो, 'बहुतेक' म्हणतो, 'दादांना विचारून सांगतो' म्हणतो, तसं याचं होत नाही, माहीत असलेलं आणि जुळवलेलं दोन्ही एकाच आवाजात येतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दोन वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला, चॅटजीपीटीनं रचलेले खटल्यांचे दाखले त्यांनी न तपासता कोर्टात दिले म्हणून. वकील फसतात तिथं तुमच्या नातवाला काही बोलू नका.

हल्ली काही चॅटबॉट नेटवर शोधून लिंकसकट उत्तर देतात, ते जरा बरं, पण लिंक उघडून त्यात ते वाक्य खरंच आहे का हे बघायचं काम आपलंच. मी तर म्हणते क्रमच उलटा करा. आधी हिराचंद नेमचंद वाचनालयात एक दुपार घालवा, पुस्तकं काढा, हातानं टिपणं घ्या, मग ती टिपणं एआयला देऊन सांगा की फक्त यातलंच वापर, यात नसेल ते 'टिपणात नाही' असं लिही. तरी जे येईल त्यातलं प्रत्येक नाव, तारीख आणि गाव लाल पेनानं टिपणाशी ताडून बघा. आणि बाई, तुमच्या १८० जणांत कुणाचा आजा मिलमध्ये असेलच की, त्यांना एक ओळ टाकून विचारा घरात त्या दिवसांबद्दल काय बोलायचे. ते कुठल्याच मशीनमध्ये नाही.

मला यात खरी काळजी वाटते ती वेगळीच. तुमचा ईमेल १८० जण वाचतात, त्यातले वीस पुढं पाठवतात, 'आमच्या बाईंनी लिहिलंय' म्हणून कुणीतरी नेटवर चढवतं आणि पुढचं मशीन तेच वाचून शिकतं. मग पाचवं नाव कायमचं चिकटलं. आपल्या गावाबद्दल मुळात कमी लिहिलेलं असल्यामुळं एक चुकीचं पानसुद्धा फार जड पडतं.

प्रश्न : सांगोला तालुक्यात डाळिंब आहे माझं, तीनशे बागायतदारांना दर आठवड्याला ईमेल आणि व्हॉट्सॲपवर पत्रक पाठवतो. तेल्या रोगावर कुठली फवारणी, किती प्रमाण हे एआयला विचारून टाकलं तर चालेल का? उत्तर झटक्यात मिळतं.

उत्तर : नाही दादा, प्रमाण अजिबात टाकू नका. लेखात नाव चुकलं तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापता येते, पण मिलीलिटरमधलं एक शून्य इकडचं तिकडं झालं तर तीनशे बागांत जातं, आणि फवारणी ते तोडणी यात किती दिवस ठेवायचे हा आकडा चुकला तर माल बाहेर पाठवणाऱ्याचा कंटेनरच अडकतो. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच केगावला आहे, शिफारस त्यांची घ्या, तारीख घालून जशीच्या तशी टाका, आणि औषधाच्या लेबलवर काय छापलंय ते बघायला लोकांना दर वेळी सांगा.

पण एआय बंदच करा असंही नाही म्हणत मी. तुमच्याकडं शेतकऱ्यांचे व्हॉइस मेसेज येत असणार, ते ऐकून लिहून काढण्यात तुमची अख्खी संध्याकाळ जाते, तिथं त्याला लावा. फक्त आपल्या बोलण्यातले शब्द ते चुकीचे ऐकतं म्हणून आधीच एक यादी द्या, मृग बहार, हस्त बहार, अंबे बहार, तेल्या, मर, पिन होल, अशी. सहा पानी पत्रक दीड पानात आणायलाही चांगलं आहे. सीमेकडच्या बागायतदारांसाठी कानडीत करून देईल, पण पाठवायच्या आधी कानडी वाचणाऱ्या एका माणसाच्या नजरेखालनं घाला, ओळखीतलं कुणी ना कुणी मिळतंच आपल्याकडं.

प्रश्न : आमच्या समाजाचं न्यूजलेटर मी बघतो, डिरेक्टरीतले ७०० ईमेल आहेत, माझ्या जीमेलवरनं सगळ्यांना बीसीसी करून पाठवतो. निम्म्यांना मिळतच नाही, मिळालं तर स्पॅममध्ये. एआयनं विषयाच्या ओळी बदलून दिल्या, फरक नाही.

उत्तर : विषयाची ओळ नाही हो, घोळ त्याच्या आधीचा आहे. साध्या जीमेलवरनं दिवसाला ५०० जणांनाच पाठवता येतं, म्हणजे दोनशे तिथंच राहिले. न्यूजलेटर पाठवायची एखादी सेवा घ्या, थोड्या लोकांसाठी फुकट असतात त्यातल्या काही, आणि जमलं तर स्वतःचं डोमेन, म्हणजे नेटवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घेऊन त्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी लावा. नावं अवघड वाटतात पण अर्थ इतकाच की हे पत्र खरंच याच पत्त्यावरनं निघालंय याची सही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी आणि एका क्लिकवर नाव काढायची सोय सक्तीची झाली, आणि स्पॅमची तक्रार हजारात तीनच्या खाली ठेवावी लागते. तुम्ही ७०० वर आहात, तुम्हाला सगळीच सक्ती नाही, पण लावून ठेवा.

आता जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. डिरेक्टरीत ईमेल छापला म्हणजे त्या माणसानं तुमचं न्यूजलेटर मागितलं असं होत नाही. ज्याला नको असतं तो 'स्पॅम' दाबतो आणि त्याचा फटका ज्याला हवंय त्यालाही बसतो. आपल्याकडं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमतीवरच उभा आहे. एकदा सगळ्यांना विचारा, पुढं पाठवू का, जे हो म्हणतील तेवढेच ठेवा, अडीचशे राहिले तरी चालतील.

आणखी एक, हे मराठीवाल्यांनाच जास्त नडतं. ईमेल १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो मध्येच कापतं आणि पूर्ण बघायला वेगळं क्लिक करावं लागतं. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटमध्ये बसतं, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन लागतात, काना वेलांटीलाही वेगळे तीन. त्यात वर्डमधनं कॉपी करून चिकटवलं की मागचा सगळा कचरा कोड पण येतो. म्हणून आधी साध्या नोटपॅडमध्ये टाकायचं, तिथनं उचलायचं.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा चादरीचा कारखाना आहे. गिऱ्हाइकांच्या न्यूजलेटरला एआयचे फोटो वापरले तर?

उत्तर : नका वापरू. मी बघितलेत तसले फोटो, लांबनं झकास दिसतात आणि जवळनं बघितलं तर नक्षी मध्येच तुटते, काठ एकीकडं जाड एकीकडं बारीक, असली चादर कुठल्या जॅकार्ड मागावर निघणार? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, गिऱ्हाईक त्या नावाला पैसे देतं, त्याला न विणलेली चादर दाखवणं म्हणजे फसवणूक झाली. मागावर चढलेल्या खऱ्या चादरीचा मोबाईलवर सकाळच्या उजेडात काढलेला फोटो टाका.

प्रश्न : ताई, मी विद्यापीठात शिकते, मैत्रिणीबरोबर सोलापूरच्या खाण्यावर न्यूजलेटर काढते. एआयचं मराठी फार पुस्तकी येतं, म्हणून 'सोलापुरी भाषेत लिही' म्हटलं तर प्रत्येक वाक्यात 'बे' घातलं. कसं शिकवायचं त्याला?

उत्तर : अगं, नको शिकवूस. 'बे' कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, दोस्ताला 'काय करूलालास बे' म्हणतो आणि शेंगा चटणी विकणाऱ्या मावशींपुढं तेच तोंड आपोआप नीट होतं. आपल्या बोलण्यात कानडी, तेलुगू, दखनी सगळं मुरलेलं आहे, ते घराघरात ऐकून आलंय, लिहून ठेवलेलं फार थोडं. मशीनला लिहिलेलंच दिसतं, म्हणून ते आपली नक्कल करतं, आणि ती नक्कल बाहेरच्यांना हसवायला केल्यासारखी वाटते, मला वाचून वाईट वाटतं.

पुस्तकी का येतं तर त्यानं वाचलेल्यात इंग्रजी डोंगराएवढं आणि मराठी मूठभर. मजकुराचे ते आधी तुकडे करतं, पूर्वी मराठीचे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त तुकडे पडायचे, मे २०२४ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं नवं मॉडेल आणलं तेव्हा मराठीचे तुकडे जवळपास तिपटीनं कमी झाले. त्यानं ते स्वस्त झालं, वेगवान झालं, पण वळण अजून इंग्रजीचंच. 'हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते', 'आजच्या धावपळीच्या जगात', असली वाक्यं दिसली की समजायचं आणि खोडायचं.

तू असं कर, कडक भाकरीवर लिहायचंय ना, तर जी बाई भाकरी थापते तिच्याशेजारी तासभर बस, फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेव, आधी विचारून. मग ते ऐकत स्वतः लिही. एआयला शेवटी फक्त ऱ्हस्वदीर्घ बघायला सांग आणि बजाव की शब्द बदलायचे नाहीत, चुका दाखवायच्या. नाहीतर ते 'थापली'चं 'तयार केली' करून टाकतं.

प्रश्न : न्यूजलेटर किती जणांनी उघडलं तो आकडा कितपत धरायचा?

उत्तर : फार नाही. पत्रातलं चित्र उतरलं की पत्र उघडलं असं मोजतात, आणि २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप वाचकाच्या आधीच चित्रं उतरवून ठेवतं, त्यामुळं न उघडलेलंही उघडलेलं मोजलं जातं. उत्तरं किती आली ते मोजा. मला ज्या रविवारी चार उत्तरं येतात तो अंक मी चांगला धरते.

प्रश्न : एआय वापरलं हे वाचकांना सांगायचं का?

उत्तर : मजकूर त्यानं लिहिला असेल, भाषांतर केलं असेल, चित्र काढलं असेल तर सांगायचं, त्याच अंकात, एका ओळीत. शुद्धलेखन बघायला वापरलं तर मी नाही सांगत.

प्रश्न : विणकरांच्या एका मासिकाचे बारा वर्षांचे जुने अंक माझ्याकडं आहेत, काही श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायली, काही नुसते कागद. त्यातलं निवडक न्यूजलेटरमधनं द्यायचंय. एका फाईलचा मजकूर एआयला दिला तर त्यानं सुंदर लेख करून दिला, पण मूळ अंकात तो लेखच नाही!

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण या सगळ्यात मोलाचं काम तुमच्याच हातात आहे. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये अक्षर दिसायला मराठी असतं पण आत त्याच्या जागी इंग्रजी चिन्हं साठवलेली असतात. फॉन्ट काढला की उरतो नुसता चिन्हांचा पसारा, मशीनला तोच मिळाला, आणि 'वाचता येत नाही' म्हणायच्या ऐवजी त्यानं अंदाजानं लेख रचला. म्हणून आधी कन्व्हर्टरनं मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, आणा, मगच पुढचं.

कागदांचं स्कॅन करताना पान सपाट ठेवा, सावली नको. फोटोवरनं अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअरं मराठीला बऱ्यापैकी चालतात, तरी घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत गोंधळतात, आणि आकड्यांत १ आणि ९, त्यामुळं १९७१ चं ११७१ सुद्धा होऊन बसतं. लेख दुसऱ्यांचे आहेत तर हक्काचंही बघा, आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे बहुतेकांच्या घरी फोन करून परवानगी घ्यावी लागेल. ते फोन लवकर करा, त्यातले काहीजण अजून असतील आणि त्यांना विचारता येईल की फोटोत मागच्या रांगेत कोण उभं आहे.

सुरुवातीला एकच अंक घ्या. कन्व्हर्ट करा, छापून काढा, आणि एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्यावर बोट ठेवून बघायचं. रफार आणि पहिली वेलांटी सगळ्यात जास्त घसरतात, तिथं हळू जा.