गूगलला तुझी पानं दिसतात का, ते आधी बघ

प्रिय,

गच्चीवरच्या बागेची साइट सुरू होऊन दोन महिने झाले, चाळीस लेख टाकून झाले आणि तरी गूगलवरून दिवसाला जेमतेम दोन माणसं येतात, असं तू कळवलंस. लेख वाचले, बरे आहेत. पण 'साइट वर येत नाही' या एका तक्रारीत तीन वेगळी दुखणी दडलेली असतात. गूगलला पान सापडलेलंच नसतं, किंवा सापडूनही त्याने ते इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी ठेवलेल्या आपल्या नोंदवहीत, घेतलेलं नसतं, किंवा घेतलेलं असतं पण शोधनिकालांच्या चौथ्या-पाचव्या पानावर पडून असतं. औषध प्रत्येकाचं निराळं. तेव्हा आठवडाभर नवं काही लिहू नकोस. सर्च कन्सोल उघड, आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं हे गूगलचंच साधन फुकट आहे, आणि त्यातला 'पेजेस' हा अहवाल बघ.

चाळीसपैकी बहुतेक लेख 'नोइंडेक्स'मुळे, म्हणजे 'हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका' या सूचनेमुळे, वगळलेले दिसले तर वर्डप्रेसच्या, म्हणजे तुझी साइट ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंग्जमध्ये 'रीडिंग'खाली जा. सर्च इंजिनांना दूर ठेवणारा एक चौकोन तिथे असतो. साइट बांधताना त्यावर खूण करतात आणि काढायला विसरतात. हास्यास्पद वाटेल, पण महिनेच्या महिने यात जातात.

'डिस्कव्हर्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड' असं दिसलं तर पानाचा पत्ता कळलाय, पण गूगल अजून पानापर्यंत आलेलं नाही. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची फाइल, गूगलला दिलाय का ते तपास. मात्र साइटमॅप म्हणजे नुसती यादी, शिफारस नव्हे. एखाद्या लेखाकडे तुझ्याच साइटवरून एकही दुवा जात नसेल, तर तो महत्त्वाचा आहे हे गूगलने कशावरून ओळखायचं? प्रत्येक लेखातून संबंधित तीन-चार लेखांना वाक्याच्या ओघात दुवे दे. 'इथे क्लिक करा' या शब्दांवर दुवा ठेवू नकोस, 'कढीपत्त्याला लोह कसं द्यावं' अशा शब्दांवर ठेव.

'क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड' हे जास्त झोंबणारं. गूगल आलं, त्याने पान वाचलं आणि तूर्तास ठेवून घेतलं नाही. तुझे 'कुंडीसाठी माती', 'माती कशी तयार करावी' आणि 'उत्तम मातीचं मिश्रण' हे तीन लेख जवळपास एकच आहेत. त्यांचा एक भक्कम लेख कर आणि उरलेले दोन पत्ते ३०१ रिडायरेक्टने, म्हणजे कायमच्या वळणाने, त्याच्याकडे वळव. पान इंडेक्समध्ये घ्यायची विनंती करणारं 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' हे बटण पुन्हा पुन्हा दाबून काही होत नाही.

आता तिसरं दुखणं, खरं नवेपणाचं. नव्या साइटना गूगल काही महिने मुद्दाम डांबून ठेवतं, त्याला 'सँडबॉक्स' म्हणतात, अशी जुनी समजूत आहे. असा वेगळा कप्पा असल्याचं गूगलची माणसं नाकारत आली आहेत. कप्पा असो वा नसो, तुझ्या साइटबद्दल बोलणारं बाहेर कुणी नाही, ही अडचण राहतेच. १९९८ साली गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी पानांचं महत्त्व मोजणारा पेजरँक मांडला, तो याच विचारावर: कोण कुणाकडे बोट दाखवतो, आणि दाखवणाऱ्याची स्वतःची पत किती. आज इतर अनेक गोष्टी मोजल्या जातात, पण दुव्यांचं वजन संपलेलं नाही. 'गच्चीवरची बाग' एवढाच शोध घेतला तर समोर वर्तमानपत्रांच्या साइट असतात, आणि त्यांच्याकडे वर्षानुवर्षांचे दुवे आहेत. तिथे धडका मारू नकोस.

त्यांनी न दिलेलं उत्तर तू दे. 'कढीपत्त्याची काळजी' या विषयावर पन्नास लेख असतील. पण कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह कमी पडतंय, आणि आधी खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र, हे दोन फोटो शेजारी ठेवून सांगणारा लेख क्वचितच सापडेल. शीर्षकातही लोक विचारतात तोच प्रश्न असू दे.

मराठीचे काही खास खड्डे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर गूगलला तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसतो, आधी युनिकोडमध्ये बदलून घे. लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवलास तर चालतो, पण कॉपी करताना एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. नुसत्या 'कढीपत्ता'ची बहात्तर! पत्ता छोटा, रोमन लिपीत ठेवलेला बरा. आणि कोडमध्ये भाषा मराठी लिहिली म्हणून गूगल मानत नाही, ते दिसणाऱ्या मजकुरावरून भाषा ठरवतं. मेनू, बटणं, तळटीप इंग्रजीत ठेवू नकोस.

बाहेरचे दुवे विकत घेऊ नकोस. 'हजार बॅकलिंक'वाल्या पॅकेजांचे दिवस गूगलने एप्रिल २०१२मध्ये क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' या बदलापासूनच आवळत आणले. वय झालेलं बेवारस डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घेऊन त्याच्या जुन्या पुण्याईवर भलताच मजकूर चढवणं मार्च २०२४पासून स्पॅमच्या नियमांत थेट येतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकल्याने वाचक येतील, पण खासगी गप्पा गूगलला दिसत नाहीत, तो दुवा धरला जात नाही. त्यापेक्षा रोपवाटिका, शाळेचा बागकाम उपक्रम, सोसायटीची साइट, जिथे तुझा लेख खरंच कामी येईल तिथे विचार. असे पाच दुवे पुरेसं काम करतात.

वेगाच्या मागे फार लागू नकोस. पानावरचा सर्वात मोठा घटक अडीच सेकंदांत दिसला की झालं. तुझे फोटो मोबाइलवरून थेट चढवलेले, चार-पाच एमबींचे आहेत. १२०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये टाक.

बदल केल्यावर रोज क्रमांक बघत बसू नकोस. काही बदलांचा परिणाम तासांत दिसतो, काहींना कित्येक महिने लागतात, असं गूगलची मार्गदर्शिकाच सांगते. तीन महिन्यांनी सर्च कन्सोलच्या 'परफॉर्मन्स' अहवालात सरासरी क्रमांक ११ ते ३० मध्ये असलेली पानं वेगळी काढ. प्रत्येकापुढे लोकांनी टाइप केलेले शब्द दिसतील, काही देवनागरीत, बरेचसे रोमनमध्ये. त्यातल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर लेखात नाही, ते पेन्सिलने खुणव आणि ती यादी मला पाठव.