वेगाला दिशा कुठून आली?

प्रश्न असा आला आहे: ‘पाठ्यपुस्तकात चाल आणि वेग या दोन वेगळ्या राशी आहेत, वेगाला दिशा असते, चालीला नसते. पण बोलताना आपण गाडीचा वेगच म्हणतो आणि दिशा कोणीच सांगत नाही. मग “वेगमर्यादा” हा शब्द चुकीचा का? आणि गती यात कुठे बसते?’

रोजच्या मराठीत वेग म्हणजे ‘किती भरभर’, एवढंच. उलट दिशेची थोडी जाण असलीच तर ती ‘चाल’ या शब्दात आहे. शत्रू चाल करून येतो तेव्हा तो कुणावर तरी येतो. त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो यात त्यांचा दोष मुळीच नाही.

तरीही वेगाचा दिशेशी संबंध अगदीच नवा आहे असं मला वाटत नाही. हा शब्द संस्कृत ‘विज्’ धातूवरून आला. थरथरणं, उसळणं असा त्याचा अर्थ. आवेग, उद्वेग ही त्याचीच भावंडं. वैशेषिक दर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाच्या एका शाखेत, वेग हा एक संस्कार, म्हणजे वस्तूत टिकून राहणारा एक गुण, मानला आहे. बाण दोरीपासून सुटला तरी पुढे जात राहतो, कारण पहिल्या हालचालीतून त्याच्यात वेग निर्माण झालेला असतो. या दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी या वेगाला ‘नियतदिक्क्रियाप्रबन्धहेतु’ म्हटलं आहे, म्हणजे ठरावीक दिशेने क्रियांची मालिका चालू ठेवणारं कारण. ‘नियतदिक्’! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी फार हरखलो होतो. अर्थात तिथे वेग हे गतीचं कारण आहे आणि आजच्या भौतिकशास्त्रात तो गतीचं मोजमाप आहे, तेव्हा दोन्ही एकच मानू नयेत.

आजची व्याख्या सोपी आहे. कापलेलं अंतर भागिले लागलेला वेळ म्हणजे सरासरी चाल. विस्थापन भागिले वेळ म्हणजे सरासरी वेग. विस्थापन म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर, दिशेसह. 400 मीटरच्या धावपट्टीवर एक धावपटू 80 सेकंदांत पूर्ण फेरी मारून निघाला तिथेच परत आला, तर त्याची सरासरी चाल सेकंदाला 5 मीटर, आणि सरासरी वेग शून्य. घाम गाळूनही शून्य, हे पचायला जड जातं खरं. पण दोन राशींना दोन नावं का लागतात ते इथेच कळतं.

मात्र एकाच क्षणापुरतं पाहिलं तर वेगाचं परिमाण, म्हणजे दिशा वगळून उरणारा आकडा, हीच त्या क्षणाची चाल. गाडीतला वेगमापक हाच आकडा दाखवतो. गाडी उत्तरेला जावो की दक्षिणेला, काटा 60 वरच. म्हणून ‘वेगमर्यादा’ बिनदिक्कत वापरा. तिथे फक्त परिमाणाला मर्यादा घातलेली असते. ‘प्रकाशाचा वेग’ही तसाच: निर्वातात सेकंदाला 29,97,92,458 मीटर हा आकडा सांगताना दिशा कुणाला अभिप्रेत नसते. उत्तरपत्रिकेत मात्र काटेकोर राहावं लागेल.

गती ही माझ्या मते वेगळी ठेवावी. ‘गम्’ म्हणजे जाणं, त्यावरून गती, म्हणजे जागा बदलत राहण्याची अवस्था. गाडीला गती आहे की ती स्थिर आहे, हा पहिला प्रश्न. किती भरभर आणि कुठे, हे त्यानंतरचे. बातम्यांत ‘ताशी 80 किलोमीटर गतीने’ असं सर्रास छापतात. अर्थ कळतो, पण शिकवताना हे टाळावं. (जाता जाता: ‘गती’ दीर्घ, पण समासात ‘गतिशील’, ‘गतिज’ ऱ्हस्व.)

आणि त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर. त्वरा म्हणजे घाई, त्यामुळे त्वरण म्हटलं की वेग वाढणं एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण वेगात दिशा आहे हे एकदा मान्य केलं की नुसती दिशा बदलली तरी वेग बदलला. गोल वळणावर काटा 40 वर खिळलेला असतानाही गाडीला त्वरण असतं, आणि ते वळणाच्या केंद्राकडे असतं. अंग बाहेर फेकल्यासारखं वाटतं ते यामुळेच: शरीर जडत्वाने सरळ जाऊ पाहतं आणि गाडी आत वळते.