गावात संशोधन संस्था आली तर सामान्य माणसाला काय मिळतं?

तुमच्या गावाजवळ संशोधन संस्था येतेय आणि फायदा फक्त प्राध्यापकांचा आणि घरमालकांचाच होणार का, असं तुम्ही विचारलंय. घरभाडी वाढतात, ते खोटं नाही. बाकीचं मी वडोदऱ्यावरून सांगतो.

मी इथल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरच्या एका छोट्या कारखान्यात आहे. वीज कंपनीच्या टेंडरला टाइप टेस्टचा, म्हणजे त्या डिझाइनचा नमुना तपासून घेतल्याचा, रिपोर्ट लागतो, त्याशिवाय दारातही उभं करत नाहीत. आमच्याकडे ती चाचणी करते एर्डा, म्हणजे इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन, १९७४ ची संस्था. शॉर्ट सर्किटच्या चाचणीत वाइंडिंगमधून, म्हणजे आतल्या तारेच्या कॉइलमधून, क्षणभर प्रचंड करंट सोडतात, आधी आणि नंतर रिअ‍ॅक्टन्स (कॉइलचा एसी करंटला होणारा अडथळा) मोजतात, मग टाकी उघडून कॉइल जागची हललीय का ते बघतात. असली लॅब उभारणं आमच्या शेठच्या सात पिढ्यांना जमायचं नाही. जॉब नापास झाला की कॉइल उलगडताना सपोर्ट कुठे ढिला पडला, ते दहावी पास वाइंडरलाही दिसतं. तो उद्या दुसऱ्या शेडमध्ये गेला की ही अक्कल त्याच्याबरोबर तिकडे जाते. फी मात्र छोट्यांना जड जाते, हेही सांगून ठेवतो.

जुनं उदाहरण कलाभवनाचं, म्हणजे इथल्या तंत्रशिक्षणाच्या शाळेचं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते काढलं, पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम असे विषय, आणि शिकवणं गुजरातीत! माझ्या मते खरी मेख इथेच आहे. इंग्रजी न येणारा कारागिराचा मुलगाही तिथे बसू शकला. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. पुढे १९०७ मध्ये औषध कंपनी अ‍ॅलेम्बिक सुरू झाली, तिच्या संस्थापकांत हेच गज्जर आणि प्राध्यापक कोटिभास्कर. रिफायनरी आणि खत कारखाने साठच्या दशकात आले, तोवर इथे यंत्राला हात लावायला न घाबरणारी माणसं होती. (तेल जवळ सापडलं, हे कारणही आहेच. सगळं श्रेय शाळेला देऊ नये.)

तेव्हा तुमच्याकडच्या संस्थेला इमारत केवढी ते विचारू नका. बाहेरच्या माणसाला चाचणी करून मिळेल का, दर काय, छोट्या कारखान्याला सवलत आहे का, आणि आयटीआयच्या पोरांसाठी मराठीतून लहान कोर्स निघणार का, एवढं ग्रामसभेत लेखी मागा.