वसाहत : विडी घरकुलातली आणि इंग्रजांची

प्रश्न आमच्या सोलापुरातल्याच एका शिक्षिकेचा आहे. नववीच्या वर्गात फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा टांगून त्या 'युरोपीय वसाहती' शिकवत होत्या. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, वसाहत म्हणजे आपल्या विडी घरकुलासारखीच ना? मग त्यात वाईट काय?" विडी घरकुल म्हणजे सोलापुरातली विडी कामगारांची वसाहत. वर्ग हसला. बाईंना मात्र उत्तर सुचेना. औद्योगिक वसाहत, पोलीस वसाहत आणि ब्रिटिश वसाहत, तिन्हीकडे एकच शब्द कसा, आणि तिसऱ्या ठिकाणी तो बरोबर आहे का, असं त्यांनी विचारलंय.

पोरगं हुशार आहे. त्याच्या कानाला जे खटकलं ते खटकायलाच हवं.

'वसाहत' ही वसणे, वस्ती, वास, निवास यांच्या घरातली. हा शब्द ऐकला की मोकळं माळरान दिसतं. माणसं आली, चुली पेटल्या, पोरं खेळू लागली. आधी तिथे कोण होतं, हे तो सांगत नाही. इंग्रजी 'कॉलनी'चं कूळही असंच साळसूद. लॅटिनमध्ये 'कोलोनस' म्हणजे जमीन कसणारा. त्यावरून 'कोलोनिया', म्हणजे रोमनांनी जिंकलेल्या मुलखात आपली माणसं, बरेचदा निवृत्त सैनिक, जमिनी देऊन वसवलेलं गाव. जर्मनीतलं कोलोन शहर म्हणजे हाच शब्द झिजून उरलेला. लहानपणी ताप चढला की आई यू-डी-कोलोनची घडी कपाळावर ठेवायची. ती बाटली आणि आमची कॉलनी नात्यातल्या निघाल्या.

अमेरिका-ऑस्ट्रेलियात हा शब्द निदान अर्धा तरी खरा आहे. युरोपातली माणसं तिथे बायकापोरांसह गेली आणि राहिली. पण हिंदुस्थानात कोण वसलं? इथे ते आले ते वखार घालायला. आज आपण वखार म्हणतो ती लाकडाची. तेव्हा सुरतेला १६१३ मध्ये इंग्रजांची व्यापारी वखार उभी राहिली. या वखारीच्या पोटात काय आहे ते आपल्याकडे ओळखलं गेलं होतं. मराठेशाहीतल्या रामचंद्रपंत अमात्यांनी राज्यकारभारावरच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, बजावलंय की हे इतर सावकारांसारखे नुसते सावकार नव्हेत, यांच्यामागे यांचे राजे आहेत. वखारीला जागा द्यायचीच झाली तर समुद्रकिनाऱ्यावर देऊ नये. वखारीचं राज्य झालं, तरी गोरा माणूस इथे नोकरी करून पेन्शनीला मायदेशी जायचा. तेव्हा नेमकं बोलायचं तर आपण अंमलाखाली होतो. 'वसाहत' हे इंग्रजी शब्दाचं भाषांतर म्हणून आपल्याला चिकटलं.

आता बाईंच्या फळ्यावरचा नकाशा. तिथे वसाहतीपेक्षा 'वाटणी' हा आपला रोजचा शब्द जास्त चपखल बसतो. बर्लिनला १८८४-८५ मध्ये परिषद भरली, १४ देशांचे प्रतिनिधी होते, आफ्रिकेतला एकही नव्हता. त्याच टेबलावर सगळ्या रेघा मारल्या असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. तिथे कब्जा कसा मानायचा याचे नियम ठरले. रेघा पुढची काही वर्षं दोघादोघांच्या करारांत पडत गेल्या. पण कशा? आपल्याकडे मोहोळ-बार्शीच्या रानात बांध बघा. ओढ्याबरोबर वळतो, लिंबाला वळसा घालतो, आजोबांच्या भांडणापाशी हातभर सरकलेला असतो. बांध सरळ नसतो, कारण तो चालून पडलेला असतो. इजिप्त आणि सुदान यांची सीमा मात्र जवळजवळ २२व्या अक्षांशावरून जाते. अक्षांशाला ना ओढा, ना लिंब.

त्याहून गमतीचं नामिबियाचं. नकाशात या देशाला ईशान्येकडे एक लांबलचक शेपूट आहे, साधारण साडेचारशे किलोमीटरची. तेव्हा हा मुलूख जर्मनांकडे होता. त्यांना झांबेझी नदीपर्यंत पोचायचं होतं, म्हणून १८९० च्या करारात त्यांनी ती चिंचोळी पट्टी इंग्रजांकडून मिळवली आणि चॅन्सलर काप्रिवीचं नाव तिला लागलं. नदीतून होड्या थेट पूर्वेच्या समुद्रापर्यंत जातील असा हिशेब होता. वाटेत व्हिक्टोरिया धबधबा! जर्मन गेले, हिशेब बुडाला, शेपूट राहिलं. तिमोर बेटाचंही तसंच. पश्चिम अर्धं डचांचं, पूर्व अर्धं पोर्तुगीजांचं. म्हणून आज पश्चिमेकडचं इंडोनेशियात आहे आणि पूर्वेकडचा तिमोर २००२ पासून वेगळा देश. आणि गोरे गेल्यावर या रेघा पुसल्या का नाहीत? १९६४ मध्ये कैरोला आफ्रिकी देशांनीच ठरवलं की स्वातंत्र्याच्या वेळी होत्या त्या सीमा मानायच्या. एक बांध हलवला की सगळे हलवावे लागतात, हे कुठल्याही तलाठ्याला विचारा.

शेजारच्या भाषांनी काय केलं? हिंदी-बंगालीत 'उपनिवेश'. कानडीत आपलाच शब्द, 'वसाहतु'. तेलुगूचं मात्र मला फार आवडलं. तिथे इंग्रजी राजवटीला 'वलस पालन' म्हणतात, आणि 'वलस' म्हणजे स्थलांतर. आमच्या पूर्व भागातल्या, म्हणजे सोलापूरच्या तेलुगू वस्तीतल्या, शेजारच्या आजींना मी याबद्दल विचारलं. त्या मांडीवर सूप घेऊन तेंदूपानं कापत होत्या. कात्री न थांबवता म्हणाल्या, "वलस म्हणजे पोट घेऊन दुसऱ्या गावाला जाणं. आम्ही आलो ना तेलंगणातून मागावर, ती वलस." मागावर आलेला विणकर आणि तोफा घेऊन आलेली कंपनी, दोघांना एकच शब्द! तेलुगूच्या वर्गातही मागच्या बाकावर एक पोरगं बसलेलं असणार.

खरं उत्तर मात्र सोलापुरातच आहे. रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हणा, तो थेट नेऊन सोडेल. सेटलमेंट म्हणजे अक्षरशः वसाहतच. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अशा लोकांना इथे आणून ठेवलं. तारेचं कुंपण, रोजची हजेरी, परवानगीशिवाय बाहेर पाऊल नाही. गिरण्यांना हात हवेच होते. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, या जमातींना 'विमुक्त' म्हणतात ते त्यावरून. कुंपणाबाहेर राहायची मुभा मिळालेल्यांची ती 'फ्री कॉलनी', आणि 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता आजही पाकिटावर लिहिला जातो. त्यातला 'फ्री' कशापासून, हे पोस्टमनला ठाऊक नसलं तरी पत्र पोचतं.

म्हणून बाई, त्या पोराला व्याकरणातून सांगा. वसणे आणि वसवणे. दुसरं प्रयोजक क्रियापद आहे, त्यात वसणारा वेगळा आणि वसवणारा वेगळा. विडी घरकुलात विडी कामगार बायकांनी घर मागितलं, त्यासाठी मोर्चे काढले, आणि त्या स्वतः तिथे वसल्या. ऑस्ट्रेलियात बाहेरचे वसले आणि मूळचे हुसकले गेले. सेटलमेंटमध्ये सरकारने लोकांना वसवलं, त्यांना न विचारता. आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत ना कोणी वसलं, ना वसवलं, नुसतं आखलं. 'वसाहत' हे नाम या सगळ्यावर एकच चादर घालतं. चादर ओढायची तर क्रियापद विचारायचं, आणि कर्ता कोण तेही. पुस्तकातला शब्द बदलायची गरज नाही. 'वसाहतवाद' रुळलेला आहे आणि त्यातल्या 'वादा'मुळे घरकुलाशी घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो नुसत्या 'वसाहत'मुळे. तिथे 'ब्रिटिशांच्या ताब्यातला प्रदेश' असं एकदा लिहावं, मग खुशाल 'वसाहत' म्हणावं.

शेवटी बाईंनी जाता जाता विचारलंय, 'वसाहतिक' की 'वासाहतिक'? विद्यापीठातली मंडळी 'वासाहतिक' लिहितात, समाज-सामाजिक च्या चालीवर. पण ही आद्य स्वराची वृद्धी संस्कृत शब्दांना शोभते, आणि 'वसाहत' हा धातू संस्कृत असला तरी घडण देशी असलेला शब्द. माझ्या कानाला 'वासाहतिक' म्हणजे धोतरावर टाय. 'वसाहतिक'ही जिभेवर नीट बसत नाही. मी 'वसाहतकालीन' लिहून सुटतो.