‘परवडतंय की मॅडम!’ – पैलवानाचा जुगार आणि घरच्यांची काळजी

“ह्यांच्यावर एक रुपयाचं कर्ज नाही. घरात कशाची कमी नाही, पोरांची फी वेळेवर जाते. सासूबाई म्हणतात, पुरुषमाणसाचा शौक आहे, चालायचंच. मग मीच उगाच घाबरते का?”

एका नावाजलेल्या पैलवानाची बायको हा प्रश्न घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडे समुपदेशनाला आली होती. सोबत थोरले दीर होते, पण ते सगळा वेळ गप्प. (पैलवानाच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्याला इथे पैलवानच म्हणते. कोल्हापुरात त्याला दुसऱ्या नावानं तसंही कुणी हाक मारत नाही.) बिल्डरांच्या, व्यापाऱ्यांच्या, क्रिकेट खेळून बरा पैसा मिळवलेल्या पोरांच्या घरूनही मला हेच विचारतात. ज्याला लाख रुपये किरकोळ आहेत, तो लाख हरला तर त्याला व्यसनी कसं म्हणायचं?

पैलवानाकडे पैसा खरोखरच आहे. मैदानं मारून मिळवलेली इनामं, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला, ऊस आणि जोरात चालणारं हॉटेल. गुडघा गेला आणि ऐन तिशीत कुस्ती सुटली. त्यानंतर आधी मोबाइलवरची रमी, मग आयपीएलला बुकीकडून घेतलेली ‘आयडी’ (सट्टा लावायचं ऑनलाइन खातं), मग गोवा. मांडवीतल्या बोटींवरचे कसिनो सरकारी परवान्यानं चालतात, त्यामुळे तिथे जाण्यात चोरी नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मोबाइलवरची रमी थांबली, तशा ह्याच्या गोव्याच्या फेऱ्या वाढल्या.

बायकोच्या आग्रहानं तो आला. खुर्चीच्या कडेवर बसून मोडलेला कान चोळत म्हणाला, “मॅडम, घाम गाळून मिळवलेला पैसा हाय. कुणाच्या ताटातलं वडून घेतलं न्हाई. परवडतंय की, म्हणून खेळतोय.” पुतण्यानं दाखवलेली एक क्लिपही त्याच्या मोबाइलमध्ये होती. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कले एवढे कोटी हरला तरी बघा कसा मजेत आहे, असा त्याचा मुद्दा.

बार्कलेचं उदाहरण त्यानं काढलं ते बरंच झालं. जुगारात सुमारे एक कोटी डॉलर घालवल्याचं बार्कलेनं २००६ साली स्वतःच सांगितलं होतं. परवडतं म्हणून मी ह्याला समस्या मानत नाही, असं तो म्हणाला, पण त्याच दमात जुगाराचा त्रास आपल्याला आहे, ही मूर्ख सवय आटोक्यात आणायला हवी, हेही त्यानं कबूल केलं. २००८ मध्ये चार लाख डॉलरच्या थकबाकीपायी लास वेगासच्या एका कसिनोनं त्याच्यावर दावा ठोकला. चार लाख डॉलर त्याला जड नव्हते, तरी ते थकले होते. पुतण्याच्या क्लिपमध्ये ह्यातलं काहीच नव्हतं.

मग मी पैलवानाला किती हरला हे विचारलंच नाही. हरल्यावर काय करता, तेवढं विचारलं.

बराच वेळ इकडचं तिकडचं झालं आणि जत्रेची गोष्ट निघाली. एका गावच्या मैदानात पहिल्या नंबरची कुस्ती ह्याच्या हस्ते लागायची होती. आदल्या रात्री तो पणजीत हरला. पहाटे निघाला, सावंतवाडीत चहा घेतला, आंबोलीचा घाट चढला. दुपारपर्यंत आरामात मैदानावर पोचला असता. घाट संपल्यावर गाडी बाजूला घेतली, हॉटेलच्या मॅनेजरला फोन करून गल्ल्यातली रोकड पणजीतल्या ओळखीच्या माणसाकडून मिळेल अशी सोय केली आणि गाडी परत फिरवली. गावकऱ्यांना सांगितलं, गाडी बंद पडली. वस्तादांनाही तेच सांगितलं. “वस्तादांशी उभ्या जन्मात पहिल्यांदा खोटं बोललो,” असं म्हणताना तो पहिल्यांदा माझ्याकडं न बघता बोलला.

घाटावरून गाडी फिरवणं, हे खरं लक्षण. गेलेला पैसा परत आणायलाच पुन्हा खेळायला बसणं. हरलेली रक्कम त्याच्या हॉटेलनं आठवड्यात भरून काढली असती. म्हणजे तो पैशासाठी परत गेला नव्हता. ‘आपण हरून घरी चाललोय’ हे त्याला सोसत नव्हतं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३च्या नियमावलीत जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी बसवला आहे. त्यात नऊ लक्षणं आहेत आणि वर्षभरात चार दिसली तर निदान होतं. नऊपैकी एकातही ‘अमुक लाखांच्या वर’ असं लिहिलेलं नाही. तीच मजा यायला रक्कम वाढवत जावी लागते का, थांबायचं ठरवून थांबता येत नाही का, न खेळल्यास चिडचिड होते का, मन खराब असलं की पाय तिकडेच वळतात का, लपवालपवी, हरल्यावर वसुलीला परत जाणं, असे ते प्रश्न आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या यादीतही ताबा सुटणं, जुगार बाकी सगळ्याच्या वर जाऊन बसणं आणि नुकसान दिसूनही चालू ठेवणं, ह्यावरच भर आहे.

नऊपैकी एक लक्षण मात्र श्रीमंताला सहसा लागूच पडत नाही. जुगारामुळे कंगाल होऊन दुसऱ्याकडे हात पसरणं. घरची माणसं नेमकी त्याचीच वाट बघत बसतात. टाकी मोठी असली की गळती लागली तरी नळाला पाणी येतच राहतं, आणि गच्चीवर जाऊन बघायची कुणाला गरज वाटत नाही. पैलवानात सहा लक्षणं स्पष्ट होती. दारूचं प्रमाण आणि झोप तपासायला मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. स्वतःला संपवण्याचे विचार येतात का, हेही विचारलं. जुगाराच्या विकारात तो धोका वाढतो आणि बँकेत पैसे आहेत म्हणून तो टळत नाही.

उलटी बाजूही सांगायला हवी, नाहीतर उद्या प्रत्येक तीन पानीवाल्याला त्याची बायको माझ्याकडे घेऊन येईल. एक गुळाचे व्यापारी दिवाळीत मित्रांबरोबर बसतात, ठरवलेली रक्कम संपली की उठतात, आणि किती गेले ते घरी हसत सांगतात. आकडा ऐकून मला घाम फुटला होता. तरी त्यांच्या घरच्यांना मी सांगितलं, हा आजार नाही. पैसे उधळण्यावर तुमचं भांडण असेल तर ते जरूर भांडा, पण ते नवरा-बायकोचं भांडण आहे.

मग खेळाडूच ह्यात का अडकतात? पैसा आणि मोकळा वेळ ही कारणं आहेतच. मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांचं शिक्षण. वीस वर्षं पहाटे उठून जोर-बैठका मारताना एकच धडा गिरवलेला असतो, पाठ लागेपर्यंत सोडायचं नाही. आखाड्यात ह्या गुणावर गदा मिळते आणि टेबलावर हाच गुण माणसाला घाटावरून परत फिरवतो. शिवाय जोड लागायच्या आधी छातीत जे धडधडतं, ते कुस्ती सुटल्यावर आयुष्यातून एकदम जातं. कसिनोत तो रुलेट खेळतो, म्हणजे आकड्यांवर पैसे लावायचं फिरतं चाक. त्याच्या शब्दांत, “रात्री बाराला चाक फिरायला लागलं की मैदानात उतरल्यागत वाटतंय.”

खेळायच्या वयातली, नाव-पैसा दोन्ही असलेली मुलंही ह्यातून सुटत नाहीत. पेठेतल्या कुठल्याही फुटबॉलवेड्या पोराला हे माहीत असेल. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रेंटफर्ड क्लबच्या आयव्हन टोनीवर सट्ट्याचे नियम २३२ वेळा मोडल्याबद्दल आठ महिन्यांची बंदी आली, आणि तज्ज्ञानं जुगाराच्या व्यसनाचं निदान केल्यामुळे ती शिक्षा मुळात ठरत होती त्यापेक्षा कमी झाली. त्याच वर्षी न्यूकासल क्लबचा सँड्रो टोनालीही सट्ट्यापायीच दहा महिने बाहेर बसला. ह्यांतल्या कुणाला पगार पुरत नव्हता असं म्हणता येईल का?

पैलवानाच्या डोक्यातली एक गाठ सोडवायला सगळ्यात मजा आली. सरावानं चाकाचा अंदाज येतो, अशी त्याची खात्री होती. त्याच्याच हॉटेलच्या बिलबुकाच्या पाठीमागे आम्ही हिशोब मांडला. चाकावर शून्य धरून ३७ घरं, आणि आकडा लागला तर लावलेले परत आणि वर ३५ पट मिळतात. म्हणजे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे बोटवाल्याचे, खेळणारा नवखा असो की मुरलेला. दोन शून्यांचं चाक असेल तर सव्वापाच रुपयांच्या वर. “म्हणजे सराव करून कायबी फरक पडत न्हाई?” त्यानं दोनदा विचारलं. सराव वाया जातो ही कल्पना त्याला पैसे जाण्यापेक्षा जास्त झोंबली.

पुढचं काम नेहमीचंच, आणि कंटाळवाणं. खेळायची ओढ कधी येते ते लिहून ठेवणं, आल्यावर अर्धा तास थांबून भावाला फोन करणं, कसिनोला स्वतःहून लेखी कळवणं की मला आत घेऊ नका. हॉटेलचा गल्ला आणि मोठी खाती थोरल्या भावाकडे गेली, पैलवानाच्या मोबाइलवरून पैसे पाठवायची मर्यादा खाली आणली. वस्तादांना त्यानं खरं सांगितलं. ते रागावले आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे पोरांना शिकवायला ये म्हणाले. मधे एकदा तो गोव्याला जाऊन आलाच. मात्र ह्या वेळी बायकोला दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत त्यानं स्वतः सांगितलं.

बायकोचा प्रश्न आता बदललाय. ह्यांचा मोबाइल रोज तपासू का, असं ती विचारते. मी नाही म्हणते. खात्याचा हिशोब आठवड्यातून एकदा तिघांनी मिळून बघावा, बाकी पहारेकरी होऊ नये. तुमच्याकडेही असं कुणी असेल आणि समुपदेशकापर्यंत जायचा धीर होत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

पैलवानाला महिन्याला हातखर्च किती द्यायचा, ह्यावर दोघा भावांचं अजून वाजतं. धाकट्याला तो अपमान वाटतो, थोरल्याला तेवढेही जास्त वाटतात. सध्या दर महिन्याला आकडा माझ्यासमोर ठरतो, आणि पैलवान घासाघीस करून थोडा वाढवूनच घेतो.