शाळेत मुलांनीच चालवायचा पर्यावरण आणि आरोग्याचा प्रकल्प कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या नववीच्या वर्गाला 'शाश्वत विकास आणि विद्यार्थ्यांचं स्वास्थ्य' हा विषय दिलाय, वर्षभर प्रकल्प मुलांनीच चालवायचा आहे, आणि झाडं लावणं व पोस्टरं रंगवणं यापलीकडे काही सुचत नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, हरित सेनेचं, म्हणजे शाळेतल्या पर्यावरण गटाचं, कामही माझ्याकडे आहे. माझं ऐकाल तर पाण्यापासून सुरुवात करा, आणि तीही मुलींच्या पाण्याच्या बाटलीपासून.

शाळा सुटायच्या वेळी दप्तराच्या बाजूच्या कप्प्यातल्या बाटल्या बघा. मुलांच्या रिकाम्या असतात, मुलींच्या बऱ्याचदा जवळजवळ भरलेल्या. आमच्याकडे मुलींनीच आपसांत निनावी चिठ्ठ्या घेतल्या. प्रश्न दोनच: शाळेत पाणी पितेस का, आणि नसशील तर का नाही? चिठ्ठ्यांमधून जे आलं ते एकाही शिक्षकाच्या डोक्यात नव्हतं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. आत जायचं तर एका मैत्रिणीला बाहेर दार धरून उभं राहावं लागे, आणि छोट्या सुट्टीत ते जमत नसे. म्हणून पाणीच प्यायचं नाही. मग दुपारनंतर डोकं दुखणं, लघवीला जळजळ, पोट साफ न होणं, आणि गणिताच्या तासाला पेंगणं. सातवी-आठवीतल्या पोरी हे सगळं निमूट सोसत होत्या, याचा मला आजही राग येतो. कडी बसवायला हार्डवेअरच्या दुकानातून किरकोळ पैशांचं सामान लागलं आणि एका विद्यार्थिनीच्या सुतार वडिलांचा थोडा वेळ.

2019 मध्ये केरळातल्या काही शाळांनी पाण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली, ती कल्पना पुढे बऱ्याच राज्यांत गेली. घंटा जरूर वाजवा, ती वाजवायचं काम मुलांकडेच द्या. पण स्वच्छतागृहात कडी, बादली, मग आणि पाणी नसेल तर घंटा वाजून उपयोग शून्य. शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंतच्या शाळांसाठी मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि सुरक्षित पिण्याचं पाणी या किमान गरजा म्हणून लिहिल्या आहेत, त्यामुळे हे मागताना संकोच बाळगू नका. मुलींना उघड बोलायला अवघड वाटत असेल तर शाळेत 2022 पासून सखी सावित्री समिती, म्हणजे मुलींच्या सुरक्षिततेकडे बघणारी समिती, असायला हवी, तिच्याकडे चिठ्ठ्या द्या.

इथून पर्यावरणाकडे वेगळं वळावंच लागत नाही, कारण पाणी मोजायला लागलात की तुम्ही तिथेच पोचता. गळका नळ शोधा, खाली एक लिटरची बाटली धरा आणि घड्याळ लावा. वीस मिनिटांत भरली तर तासाला तीन लिटर, दिवसरात्र मिळून 72 लिटर. असे तीन नळ असतील तर रोजचे दोनशे लिटरहून जास्त पाणी गटारात. हा हिशोब फळ्यावर मांडून मुख्याध्यापकांना बोलवा. 'पाणी वाचवा' असं रंगवलेल्या भिंतीसमोरून सगळे रोज जातात, कुणी थांबत नाही. आकड्यासमोर मात्र थांबतात, आणि तो मुलांनी स्वतः काढलेला असला की जास्तच. नळाचा वायसर बदलणं हे आठवीच्या मुलाला शिकवून येतं. आमच्याकडे अभ्यासात मागे पडणारा एक मुलगा या कामात इतका तरबेज झाला की बाईसुद्धा पाना मागायला त्याच्याकडे जातात. स्वास्थ्य म्हणजे फक्त ध्यान आणि योगासनं असं समजू नका. ज्याला वर्गात कधी कुणी विचारत नाही, त्याच्यावाचून शाळेचं काम अडावं, हे त्या पोराच्या मनाला फार मोठं बळ देतं.

मग सांडपाणी. हात आणि डबे धुण्याच्या जागेपाशी बहुतेक शाळांत चिखल आणि डास असतात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारे खड्डे, करून गटारं आणि डास हटवले, ते काम राज्यभर 'नांदेड पॅटर्न' म्हणून पोचलं. शाळेतही शोषखड्डा जमतो. मात्र पिण्याच्या नळाखालचं सांडलेलं पाणी आणि साबणाचं पाणी वेगळं काढा. पहिलं थेट भाजीच्या वाफ्यात सोडता येतं. साबणाचं पाणी आधी खडी-वाळूच्या खड्ड्यातून जाऊ द्या, कडेला कर्दळ लावा, पुढे केळीला द्या. कच्च्या खायच्या कोथिंबिरीला, मुळ्याला ते पाणी देऊ नका.

झाडांपेक्षा परसबाग मी वर ठेवते, त्याला कारण आहे. जुलैत फोटोसकट लावलेलं रोप मे महिन्याच्या सुट्टीत पाण्यावाचून जातं, आणि पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप येतं. मुलांना ते दिसतं, आणि त्यांचा विश्वास उडतो. परसबाग शाळेच्या वर्षात बसते. जूनमध्ये शाळा उघडली की भेंडी, गवार, चवळी. दिवाळीच्या सुट्टीनंतर मेथी, पालक, मुळा. मेथी महिन्याभरात हाताशी येते, म्हणजे पेरणाऱ्या मुलांनाच ती खायला मिळते. कुंपणाला शेवग्याची फांदी खोचली तरी चालते, ती पुढे सुट्टीतही तग धरते. पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो, सहावी ते आठवीच्या ताटासाठी रोज 75 ग्रॅम भाजी ठरलेली आहे. नववी-दहावीनं पिकवायचं आणि ते धाकट्यांच्या खिचडीत पडायचं, असं आमच्याकडे चालतं. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना मात्र आधी विचारा. निवडायचं-धुवायचं काम त्यांच्या अंगावर पडणार असेल तर त्या पालक घेणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. निवडून, धुऊन द्या.

पैशांची काळजी फार करू नका. मोठं काम निघालं, टाकी किंवा नवी मुतारी, तर मोजलेले आकडे घेऊन मुलांनीच ग्रामपंचायतीत जावं. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखीव असतो. अर्ज मुलांच्या अक्षरात असू द्या, सोबत एक शिक्षक असावा, पण बोलणार मुलं.

'मुलांनी चालवलेला' याचा अर्थ निर्णय मुलांचा. सर ठरवतात आणि मुलं पाणी घालतात, ती नुसती कामाची पाळी झाली. दर शनिवारी अर्धा तास बैठक, वही एक, तीत काय ठरलं आणि कुणी करायचं एवढंच. दहावीची मुलं दिवाळीनंतर या कामातून सुटतात, त्यामुळे आठवीतली दोन-चार मुलं पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. माझ्या पाहण्यातले बरेच प्रकल्प बॅच बदलली की संपले.

एका बाबतीत जपा. वाफ्यात शेजारी शेजारी बसून खुरपताना मुलं वर्गात कधी बोलणार नाहीत असं बोलतात. घरातली भांडणं, दहावीची भीती, कधी त्याहून जड काही. ऐकून घ्या, चेष्टा करू नका, आणि कुणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल किंवा कुणी त्रास देत असल्याबद्दल बोललं, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. त्याच दिवशी विश्वासातल्या शिक्षकांना किंवा घरच्या मोठ्या माणसाला सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मुलांवरच्या अत्याचारासाठी 1098. दोन्ही क्रमांक स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे कुणाला न दिसता वाचता येतात.

तुमच्या शाळेत पाणी बोअरचं आहे की नळयोजनेचं, आणि जागा किती आहे, ते खाली लिहा. त्याप्रमाणे वाफे कुठे आणि कसे काढायचे ते सांगते.