रंगकामाचं कोटेशन: दर नंतर, माप आधी

घोडबंदर रोडवर आमचा ६५० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके आहे. ताबा मिळून सात वर्षं झाली, अजून बिल्डरचाच रंग आहे. तीन कॉन्ट्रॅक्टरना विचारलं. एकाने १४ रुपये फूट सांगून क्षेत्रफळ २,६०० धरलं. दुसऱ्याने १९ रुपये आणि २,०५० फूट. तिसरा २७ रुपये म्हणतो आणि घरी येऊन मोजतो म्हणतो. तिन्ही दर मालासकट आहेत. कोणाला काम द्यावं?
– वाचक, कासारवडवली

आधी गुणाकार करून बघा. १४ रुपयांनी २,६०० फुटांचे ३६,४०० होतात आणि १९ रुपयांनी २,०५० फुटांचे ३८,९५०. दरात पाच रुपयांचा फरक दिसतो, पण बिलात फरक अडीच हजारांचाच आहे. तुमच्या घरात रंगवायची जागा खरंच २,०५० फूट असेल, तर पहिल्याचा दर प्रत्यक्षात पावणेअठरा रुपये पडतो.

पहिल्याने कार्पेटला सरळ चाराने गुणलेलं आहे. एका सुट्या खोलीपुरता हा हिशोब जवळपास बरोबर येतो. पण अख्ख्या फ्लॅटमध्ये किचनच्या आणि बाथरूमच्या टाइल्स, भिंतभर वॉर्डरोब आणि मोठ्या स्लायडिंग खिडक्या असतात. त्यामुळे बहुतेक फ्लॅटमध्ये रंगवायची जागा कार्पेटच्या तीन ते साडेतीन पट भरते. तुमचं घर याच गटात बसतं.

तरीही अंदाजावर विसंबू नका, टेप घेऊन स्वतः मोजा. तासाभराचं काम आहे. समजा हॉल १७ बाय १० आणि उंची ९ फूट. चारही भिंतींची लांबी ५४ फूट, गुणिले ९ म्हणजे ४८६. सिलिंगचे १७० मिळवले की ६५६. आता वजावट: बाल्कनीचं स्लायडिंग दार ८ बाय ७, म्हणजे ५६; मुख्य दार साडेतीन बाय ७, म्हणजे साडेचोवीस; पॅसेजची मोकळी जागा ४ बाय ७, म्हणजे २८. उरले सुमारे ५४८ फूट. प्रत्येक खोलीचा असाच कागद करून कॉन्ट्रॅक्टरची सही घ्या.

वजावटीवरून वाद होतातच. बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक, आयएस १२००, अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांच्या मोकळ्या जागेची वजावट करत नाही. एक्झॉस्ट फॅनचं भोक किंवा एसीच्या पाइपची जागा वजा करायचा आग्रह धरू नका. दारं-खिडक्यांची वजावट मात्र मागा.

दराचा दुसरा अर्धा भाग तयारीत असतो. १४ आणि १९ च्या कोटेशनमध्ये बहुधा ‘टच-अप पुट्टी आणि दोन हात रंग’ असेल. २७ मध्ये पूर्ण भिंतीला पुट्टीचे, म्हणजे भिंत सपाट करणाऱ्या लेपाचे दोन हात, घासणं, प्रायमर (रंगाआधीचा थर) आणि महागडं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग, असू शकतं. ‘असेल’ आणि ‘असू शकतं’ यावर घर रंगवायला काढू नका. कोटेशनमध्ये कंपनीचं नाव पुरत नाही, डब्यावरचं उत्पादनाचं नाव हवं, कारण एकाच कंपनीचं स्वस्त आणि महाग इमल्शन यांच्या किमतीत दुपटीहून जास्त अंतर असतं. पुट्टी टच-अप की पूर्ण, प्रायमर कुठे, रंगाचे हात किती, सिलिंगला कोणता रंग, दारं आणि ग्रिल धरलेत की वेगळे, सामान हलवणं, प्लास्टिक अंथरणं आणि शेवटची साफसफाई कोणाकडे, हे सगळं त्याच कागदावर लिहून घ्या. दारांचा ऑइल पेंट बहुतेक जण फुटात धरत नाहीत आणि काम निम्मं झाल्यावर ‘तो एक्स्ट्रा’ म्हणतात.

घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये आतून बहुतेक वेळा जिप्सम प्लास्टर असतं. तुमच्याकडे तसं असेल तर व्हाइट सिमेंटची पुट्टी लावू देऊ नका. ती जिप्समला नीट धरत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत पापुद्र्याने सुटते. तिथे ॲक्रिलिक पुट्टीच हवी. ओळखायचं कसं? कपाटामागे खिळ्याने हलकं खरवडा. मऊ पांढरी भुकटी निघाली तर जिप्सम, करडी वाळू निघाली तर सिमेंटचं प्लास्टर.

सात वर्षांचा बिल्डरचा रंग, भिंत कोरडी आणि प्लास्टर घट्ट असेल, तर पूर्ण पुट्टीची गरज नाही. टच-अप, त्या जागांना प्रायमर आणि चांगल्या इमल्शनचे दोन हात पुरेत. आमचं मत विचाराल तर दुसऱ्या कोटेशनला वरचे तपशील लिहायला लावा आणि काम त्याला द्या.

एक जागा मात्र वेगळी हाताळायला सांगा. कॉलम आणि ब्लॉकची भिंत जिथे मिळतात तिथला उभा तडा. काँक्रीट आणि ब्लॉक उन्हा-थंडीत वेगवेगळे हलतात, म्हणून नुसती पुट्टी भरलेला हा तडा दर वर्षी परत उघडतो. तो पुट्टीच्या पत्र्याने (पेंटरच्या पातीने) इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात उकरून क्रॅक फिलर भरायचा, वर फायबरची जाळीची पट्टी चिकटवायची आणि मग पुट्टी.

माल मी आणून फक्त मजुरी द्यावी, की मालासकट काम द्यावं? पेंटर पाणी जास्त घालतात असं ऐकतो. ते कळणार कसं?
– वाचक, ऐरोली

टू बीएचकेच्या साध्या रीपेंटमध्ये मजुरी निम्म्याहून जास्त असते. तुम्हाला दुकानात जायला वेळ असेल तर माल स्वतः आणा. पेंटर सांगेल त्याच कंपनीचा रंग घेतला पाहिजे असं नाही. अनेक डब्यांत पेंटरसाठी कंपनीचं बक्षिसाचं टोकन असतं, आणि शिफारशीत त्याचाही वाटा असतो. टोकन पेंटरला द्या, पण रंग तुम्ही ठरवा.

किती आणायचं? भिंती १,४५० फूट आणि सिलिंग ६०० फूट धरू. मध्यम दर्जाचं इमल्शन गुळगुळीत भिंतीवर दोन हातांत लिटरला साधारण १२० ते १४० फूट जातं. म्हणजे भिंतींना ११-१२ लिटर: १० लिटरची एक बादली आणि १ लिटरचे दोन डबे. सिलिंगला साधं पांढरं इमल्शन चालतं, ते लिटरला १०० फूट धरून ६ लिटर. पूर्ण पुट्टी करायची असेल आणि व्हाइट सिमेंटची पुट्टी असेल, तर किलोला दोन हातांत १२-१५ फूट, म्हणजे या घराला ४० किलोच्या चार गोण्या. एका शेडचा सगळा रंग एकाच वेळी मशीनवर बनवून घ्या, मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मग वापरा आणि झाकणावरचा शेडचा कोड फोटो काढून ठेवा. दोन वेगळ्या दिवशी बनवलेल्या डब्यांतला फरक एका भिंतीवर उठून दिसतो.

पाण्याचं प्रमाण डब्याच्या मागे छापलेलं असतं आणि ते उत्पादनागणिक बदलतं. पेंटरला मोजायला प्लास्टिकचा मग द्या. त्याहून जास्त पाणी पडलं की रंग पातळ बसतो, रोलरचे पट्टे दिसतात आणि महिन्याभरात ओल्या फडक्याने पुसताना रंग फडक्याला येतो. पण सर्वांत खात्रीची पडताळणी रिकाम्या डब्यांची. ११-१२ लिटर लागायला हवेत तिथे ७ लिटरमध्ये दोन्ही हात संपले, तर एक तर पाणी जास्त पडलं किंवा दुसरा हात पडलाच नाही. पहिला हात वाळल्यावर प्रत्येक भिंतीच्या एका कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण करा. दुसऱ्या हातानंतर ती दिसता कामा नये.

पैसे टप्प्याने द्या. कामाच्या सुरुवातीला पाव हिस्सा, घासून प्रायमर झाल्यावर पाव, पहिल्या हातानंतर आणखी तीस टक्के, उरलेले शेवटी. घासून झालेल्या भिंतीवर संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून तिरका उजेड पाडा. खड्डे, पत्र्याच्या रेघा, लाटा सगळं तिथल्या तिथे दिसतं. या टप्प्यावर दुरुस्ती तासाभराची असते. रंग चढल्यावर तीच अख्ख्या भिंतीची होते.

वाशीला सिडकोच्या जुन्या इमारतीत राहतो. बेडरूमच्या भिंतीला दर दोन वर्षांनी रंग देतो, तरी पोपडे निघतात आणि पांढरी पूड धरते. पेंटर या वेळी ‘डॅम्प-प्रूफ’ रंग लावू म्हणतो, त्या भिंतीचे ६,००० रुपये जास्त. फायदा होईल का?
– वाचक, वाशी

नाही. ते सहा हजार आधी ओल शोधायला खर्च करा.

पांढरी पूड म्हणजे लोणा. पाणी भिंतीतून बाहेर येताना विटा-सिमेंटमधले क्षार सोबत आणतं. पाणी उडून जातं आणि क्षार रंगाच्या मागे साठून त्याला पुढे ढकलतात. आतून कितीही घट्ट कोटिंग मारलं, तरी पाणी येणं थांबत नाही. ते बाजूला सरकतं आणि पुढच्या वर्षी शेजारच्या भिंतीवर उगवतं.

ओल जून ते ऑक्टोबरमध्येच वाढत असेल आणि भिंत बाहेरची, त्यातही पश्चिमेची असेल, तर पावसाचं पाणी बाहेरच्या प्लास्टरच्या तड्यांतून किंवा खिडकीच्या कडेने येतंय. बारा महिने ओली राहते आणि पलीकडे किंवा वर बाथरूम आहे, तर तिथे बघा. वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं तोंड, बंद करून फरशीवर इंच-दोन इंच रंगीत पाणी चोवीस तास साठवलं की फरशीतून गळतं का ते कळतं. तसं नसेल तर भिंतीतली पाण्याची लाइन तपासा.

खर्च कोणाचा, यावरून शेजाऱ्यांत वितुष्ट येतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे. सभासदाच्या संडास-बाथरूममधून होणारी गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची. सोसायटीला अर्ज लेखी द्या आणि फोटो जोडा.

गळती थांबली की त्या भागातली पुट्टी आणि पोकळ वाजणारं प्लास्टर विटेपर्यंत काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतला तर तो विरघळून परत भिंतीत जातो. वॉटरप्रूफिंग कंपाउंड घातलेलं नवं प्लास्टर करा, पाणी मारा आणि मग वाळू द्या. इथे लोकांचा धीर सुटतो. नव्या प्लास्टरला वाळायला तीन-चार महिने लागू शकतात. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आतून थेंब जमले तर अजून थांबायचं. दिवाळीनंतर दुरुस्ती करून मार्च-एप्रिलमध्ये रंग दिला तर ती भिंत टिकते.

जाता जाता: जुन्या घरात बाकीच्या भिंतींवर ओला हात फिरवून बघा. हाताला रंग लागला तर खाली डिस्टेंपर, म्हणजे जुना स्वस्तातला खडूसारखा रंग आहे. तो पाणी मारून पूर्ण खरवडल्याशिवाय वर इमल्शन देऊ नका. खरवडण्याची मजुरी कोटेशनमध्ये वेगळी लिहून घ्या.

गणपतीच्या आधी घर रंगवायचं आहे. पावसात काम चालेल का?
– वाचक, नौपाडा

बाहेरच्या भिंती आतून कोरड्या असतील तर चालेल, पण पाच-सहा दिवसांचं काम दहा दिवसांचं धरा. ॲक्रिलिक पुट्टी फक्त पाणी उडून वाळते, त्यामुळे भर पावसात ती वरून कोरडी आणि आत मऊ राहते. तिच्यावर रंग चढला की फोड येतात. प्रत्येक थरामध्ये पूर्ण एक दिवस आणि पंखा सुरू, असं सांगा. दारांचा ऑइल पेंट मात्र पुढे ढकला. दमट हवेत तो चिकट राहतो आणि त्याची चकाकी जाते. घाई असेल तर फक्त हॉल करा. गणपतीआधीच्या पंधरा दिवसांत चांगले पेंटर मिळणंही कठीण असतं.

घरात दीड वर्षाची नात आहे. १९९० च्या सुमाराची दारं घासून रंगवायची आहेत. वासाचं काय करू?
– वाचक, नेरूळ

वासापेक्षा धुळीची काळजी घ्या. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावं हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या शेडमध्ये, शिसं बरंच असू शकतं. रांगणारं मूल जमिनीवरची धूळ हाताने तोंडात घालतं, म्हणून धोका त्याला सर्वांत जास्त.

दारं कोरडी घासू देऊ नका, यंत्राने तर नाहीच. पाण्याचा घासपेपर, म्हणजे वॉटर पेपर, ओला करून हाताने घासायला लावा. खाली प्लास्टिक अंथरा आणि गाळ त्यातच गुंडाळून टाका. झाडू मारू नका, फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसा. नातीला काम आणि सफाई पूर्ण होईपर्यंत दुसरीकडे ठेवा. जुना थर घट्ट असेल तर तो उतरवण्याचा आग्रह नको. ओला घासून, अंडरकोट देऊन वरून रंगवणं जास्त सुरक्षित. वॉटर-बेस्ड एनॅमल घेतलं तर वासही एक-दोन दिवसांत जातो.

भाड्याचा वन बीएचके सोडतो आहे. भिंतींवर चार-पाच डाग आहेत. तेवढ्याच जागी रंग मारला तर चालेल ना? शिवाय पेंटर बिलावर १८ टक्के जीएसटी मागतो.
– वाचक, घणसोली

तेवढ्याच जागी मारलेला रंग दिसतोच, मूळ डब्यातला असला तरी. जुना रंग उन्हाने आणि धुळीने उतरलेला असतो. डाग असलेली भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवा; कोपऱ्यात उजेड वळतो, तिथे फरक जाणवत नाही. त्याआधी करारात रंगकामाबद्दल आणि नेहमीच्या झिजेबद्दल काय लिहिलंय ते वाचा, आणि मालकांशी बोलून कोणत्या भिंती करायच्या ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

जीएसटी १८ टक्के हा दर बरोबर आहे, पण तो फक्त नोंदणी असलेल्यालाच आकारता येतो. बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक छापलेला हवा. तो नसेल तर ही रक्कम द्यायची नाही. माल तुम्ही दुकानातून आणला असेल तर त्यावरचा कर डब्याच्या छापील किमतीत आधीच धरलेला असतो. अशा वेळी नोंदणी असलेल्यालाही फक्त मजुरीवरच कर लावता येतो.